चाचानं ठाणेदाराले बसवलं

आमच्याकडे 'बसा' या शब्दाचे दोन अर्थ. घरी कोणी म्हटलं, "या, बसा," तर चहा येतो. ठाण्यात कोणी म्हटलं, "बस तिथं," तर वकील आणावा लागतो. "तुमच्या पोट्ट्याले ठाण्यात बसवलं," एवढं कोणी दारात येऊन सांगितलं की आईची भाकर तव्यावरच जळायची. अटक नाही, गुन्हा नाही, नुसतं बसवलं. किती वेळ, ते बसवणाऱ्याच्या मर्जीवर. कशासाठी, ते बसणाऱ्यानं विचारायचं नसतं. हे मी ऐकीव सांगत नाही बाप्पा! त्याच ठाण्यात मी खाकी घालून नोकरी केली. मी तिथली एकुलती एक बाई शिपाई.

लग्नानंतर नवरा पुसदच्या शाळेत मास्तर आणि मी माहेरच्या गल्लीत, अशी आमची वाटणी होती. समोरचं घर पिंजारी चाचांचं. माझ्या पाळण्यातली गादुली त्यांनी भरली, माझ्या लग्नातल्या गाद्याही त्यांनीच. कापूस पिंजायच्या धनुकलीची तात ठुंय ठुंय वाजायला लागली की गल्लीची सकाळ झाली असं आम्ही समजायचो. मी ड्युटीवर निघताना म्हणायची, "चाचा, येते." ते मान वर न करता म्हणायचे, "हाव, येजो." शाळेत जायच्या वयापासूनचा हा रिवाज. परीक्षेला जाताना चाचांचं 'येजो' ऐकलं नाही तर मी परत फिरून ऐकून यायची.

कापसाचं ते साल लयच वाईट निघालं. भाव पडलेला, खरेदी केंद्र आज उघडं तर उद्या बंद, आणि बैलबंड्यांची रांग फाटकापासून पार नाल्याच्या पुलापर्यंत. लोक बंडीखालीच जेवत, बंडीखालीच झोपत. थंडी मरणाची. चाचा धनुकली खांद्यावर टाकून त्या रांगेत जाऊन बसायचे. बंडीतला थोडा कापूस घ्यायचा, पिंजायचा, आणि तिथल्या तिथं रजई भरून द्यायची. शेतकरी हसायचे, म्हणायचे, सरकार घेत नाही तर निदान पांघरून तरी घेऊ.

एका दुपारी केंद्रानं पुन्हा फाटक लावलं. लोक रस्त्यावर आले आणि वरून हुकूम सुटला. मी त्या दिवशी पांढरकवड्याला बंदोबस्तात होते. मागून जे समजलं ते असं, की काठ्या निघाल्यावर सगळे पळाले, चाचा पळाले नाहीत. तात वाजत असली की त्यांना दुसरं काही ऐकूच यायचं नाही. ते खाली मान घालून कापूस पिंजत होते आणि आमच्या जमादाराची काठी त्यांच्या उजव्या मनगटावर बसली.

मनगट मोडलं ते मोडलं, वर धनुकली जप्त! जप्तीच्या कागदात शब्द काय, तर 'धनुष्यासारखे लाकडी हत्यार, दोरीसह'. मी परतल्यावर ते वाचलं आणि माझं डोकं फिरलं.

"भाऊ," मी जमादाराला म्हटलं, "हे पिंजाऱ्याची धनुकली होय! अख्ख्या गावाच्या गाद्या हिनं भरल्या."

जमादार शांतपणे दात कोरत होते. म्हणाले, "बाण सापडला नाही म्हणून वाचला तो."

चाचांचं मनगट हाडवैद्यानं बांधलं, ते वाकडंच जुळलं. लोकांनी सांगून पाहिलं, ठाण्यात जा, तक्रार दे, निदान धनुकली तरी सोडव. चाचा म्हणायचे, "गेलो तं बसवतीन." आणि विषय संपवायचे. त्यांनी ठाण्याकडे पाहणं सोडलं, तसं माझ्याकडेही. मी सकाळी "चाचा, येते" म्हणायची आणि चाचा बकरीशी बोलायला लागायचे. त्या ईदेला चाचीचा शिरखुर्मा आला नाही. मला राग येतो लवकर आणि जातो उशिरा, पण यात रागावू तरी कोणावर? अंगावरच्या खाकीवर? मला एवढंच पाहिजे होतं, की चाचांची धनुकली त्यांच्या हातात जावी, मारणाऱ्याचं नाव त्यांच्या तोंडून कागदावर यावं, आणि माझं 'येजो' मला परत मिळावं.

गावही आमच्याशी तसंच वागत होतं. एकाची म्हैस चोरीला गेली तर तो ठाण्यात न येता भगताकडे गेला. भगतानं उत्तर दिशा सांगितली. म्हैस दक्षिणेला सापडली. तरी त्याचा विश्वास आमच्यापेक्षा भगतावरच जास्त.

अशात नवे ठाणेदार आले. तरुण, पुण्याकडचे, चष्मेवाले, शिपायालाही 'अहो' म्हणणारे. पहिल्याच दिवशी सगळ्यांना ओळीत उभं करून म्हणाले, "आपल्याला जनतेचा विश्वास परत मिळवायचा आहे." जमादार माझ्या कानाशी पुटपुटले, "मुद्देमालाच्या खोलीत पाहा लागन. तिथंच कुठं जप्त असन."

साहेब कामाला लागले. आधी भिंतींचा सरकारी पिवळा जाऊन गुलाबी रंग आला. लोकांना वाटलं, ठाणं हललं आणि इथं दवाखाना झाला. एक बाई लेकराला डोस पाजायला घेऊन आली. कुठे आलो हे समजल्यावर "माय व माय!" म्हणून जी पळाली, ती चप्पल न्यायला पण परतली नाही. मग दारात तक्रारपेटी लागली. तिच्यात पहिल्यांदा एक लग्नपत्रिका निघाली, दुसऱ्यांदा गांधीलमाश्या. साहेब खचले नाहीत. त्यांनी तिसरा हुकूम काढला: जो कोणी ठाण्याची पायरी चढेल त्याला उभं राहून नमस्कार करायचा, खुर्ची द्यायची, हसायचं, आणि म्हणायचं, "या, बसा." चहा ठाण्यातर्फे.

जमादार हसले की कसे दिसतात हे आम्हाला तोवर माहीत नव्हतं. माहीत नव्हतं तेच बरं होतं.

या हुकुमाचा पहिला बळी म्हणजे जवळच्या खेड्यातले एक पाटील. गावात भागवत सप्ताह, त्याच्या लाउडस्पीकरची परवानगी मागायला आलेले. जमादार उभे राहिले, नमस्कार केला, सगळे दात दाखवले आणि म्हणाले, "या पाटील, बसा."

पाटलांचा चेहरा पांढराफटक. "काहून?" ते म्हणाले.

"कायचं काहून? बसा म्हटलं नं! साहेब येईस्तोवर बसा."

पाटील बसले. चहा आला, त्याला त्यांनी हात लावला नाही. फाटकाबाहेर त्यांचा पुतण्या मोटारसायकलवर थांबला होता. त्यानं खिडकीतून एकदा पाहिलं आणि जी किक मारली, ती गावातच जाऊन थांबला. "काकाले बसवलं!" दुपारी ट्रॅक्टरची ट्रॉली भरून माणसं आली. पाटलीणबाई डबा, शाल आणि बीपीच्या गोळ्या घेऊन. सरपंच आर्णीहून वकील घेऊन. भजनी मंडळ मधूनच उठून आलेलं, टाळ गळ्यातच. ठाण्यासमोर ही गर्दी, आणि तेवढ्यात साहेबांची जीप आली.

साहेबांचा चेहरा असा फुलला की काय सांगू! त्यांना वाटलं, लोक यायला लागले. ते जीपमधून उतरले, दोन्ही हात जोडले आणि मोठ्यांदा म्हणाले, "या, या! सगळेच बसा!"

पुढचं सांगायला नको. पाटलीणबाईंनी भोकाड पसरलं, भजनी मंडळ टाळ सांभाळत पळालं, आणि वकील म्हणाले की आपण सहज इकडून चाललो होतो. पाटलांना परवानगी मिळाली, पण ते म्हणाले, नको साहेब, आमचे महाराज बिनास्पीकरचे पण ऐकू येतात.

लोक गेल्यावर साहेबांनी मला आत बोलावलं. चष्मा काढून ठेवला होता. "बाई, माझं काय चुकलं?"

"शब्द चुकला, साहेब," मी म्हटलं आणि 'बसा'चा आमच्या ठाण्यातला अर्थ सांगितला.

"मग काय म्हणायचं? उभे राहा?"

आता माझा पारा चढला. नोकरीचं भान राहिलं नाही. "साहेब, भिंतीले रंग दिला, जमादाराले हसाले लावलं. पण ज्याचा हात मोडला त्याच्या दारात आपल्यातलं कोणी गेलं का? त्याची धनुकली अजून हत्यार म्हणून आपल्याच खोलीत पडून हाय. तुमचं बसा-बसा कोण ऐकन?"

बोलले आणि जीभ चावली. म्हटलं, आता आपली बदली जंगलात. साहेबांनी मात्र चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "दाखवा मला ती."

धनुकली सोडवायला कोर्टाची परवानगी लागते. त्यासाठी साहेबांनी स्वतः खेटे घातले. परवानगी आली तेव्हा समजलं की धनुकली जीपमध्ये मावत नाही. मग साहेब ती खांद्यावर घेऊन भर बाजारातून पायी निघाले, मागे मी. पानठेल्यावरून आवाज आला, "साहेब, रामलीला कवा हाय?" दुसरा म्हणाला, "चूप बे, पाह्यत नाही का, सीता मांगून येऊन राह्यली!" मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याच्या तोंडातलं पान खाली पडलं.

चाचा अंगणात होते. साहेबांनी धनुकली पुढे धरली. म्हणाले, "चाचा, ही तुमची. हे हत्यार नव्हतं, चूक आमची आहे. तुम्हाला कोणी मारलं, ते मला तुमच्या तोंडून ऐकायचंय."

चाचांनी धनुकली घेतली. सैल पडलेल्या तातीवरून बोट फिरवलं. साहेबांकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. मग कोपऱ्यातल्या बुटक्या पाटाकडे हात केला.

"बसा."

साहेब बसले. चाचांनी तात ताणली, कापसाचा ढीग ओढला आणि पिंजायला सुरुवात केली. उजव्या हातात तातीवर मारायची लाकडी मोगरी धरवत नव्हती, म्हणून डाव्या हातानं. ठुंय ऐवजी कधी ठक, कधी काहीच नाही. कापूस उडत होता आणि वारा साहेबांच्या दिशेनं होता. थोड्या वेळानं साहेब अर्धवट उठून म्हणाले, "मग चाचा, ते तुमचं बयान..."

"बसा म्हटलं नं," चाचा म्हणाले. हुबेहूब जमादारांचा आवाज.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. माय व! चाचानं ठाणेदाराले बसवलं! मी दाराशी उभी होते, मला कोणी बसा म्हटलं नव्हतं, तेच माझं नशीब.

बातमी गावात फिरली. भिंतीवर पोट्टे, दारात बाया, सगळी गल्ली भरली. साहेबांच्या टोपीवर, भुवयांवर, मिशांवर कापूस बसून ते पार म्हातारे दिसायला लागले होते. तेवढ्यात गर्दीतून ते भागवतवाले पाटील आले. हातात डबा आणि शाल. "साहेब, बसवलं म्हणते तुमाले," ते कळवळून म्हणाले. "असू द्या जवळ. किती वेळ लागते काही सांगता येत नाही." साहेबांनी शाल घेतली, पाटलांना नमस्कार केला, आणि बसून राहिले.

मग जमादार आले, मागे दोन शिपाई. फाटकातूनच म्हणाले, "साहेब, सोडवू का?"

"मला अटक झालेली नाही," साहेब म्हणाले. "बसवलंय."

चाचांनी मान वर केली नाही, पण मोगरी थांबली. गर्दीही गप्प झाली. मारणारा फाटकात आणि मार खाणारा अंगणात, आणि मध्ये साहेब, नखशिखांत पांढरे. त्या शांततेत साहेब जरा चुळबुळले. सकाळपासून बसलेला माणूस, त्याचं काय चुकलं? हळू आवाजात म्हणाले, "चाचा, जरा जाऊन येऊ का?"

चाचा कापसाकडेच पाहत म्हणाले, "जमादाराले विचारा."

आमच्या ठाण्यात बसवलेल्या प्रत्येक माणसानं हे वाक्य ऐकलेलं होतं. साहेबांना ते कोणी सांगितलं नव्हतं, पण ते समजले. वळले आणि फाटकाकडे पाहून, अगदी गरिबासारखे, म्हणाले, "जमादारसाहेब, जाऊ का?"

आधी चाची हसली. पदर तोंडात कोंबून, मग पदर सोडून. मग भिंत हसली, दार हसलं, पाटलांना तर ठसका लागला. जमादारांच्या तोंडून हो निघेना की नाही निघेना. त्यांनी मान खाली घातली ती वर आलीच नाही. "जा, साहेब," असं काहीतरी पुटपुटले आणि गर्दीतून वाट काढत निघून गेले.

साहेब जाऊन आले आणि पुन्हा पाटावर बसले. चाचीनं त्यांना पाणी दिलं. तिसऱ्या प्रहरी असरची अजान झाली, चाचा नमाजाला गेले, परत आले.

"गेले नाही तुमी?" ते म्हणाले.

"तुम्ही उठा म्हणाला नाहीत."

चाचा जवळ आले. मग डाव्या हातानं साहेबांच्या खांद्यावरचा कापूस झटकला. "उठा, साहेब. तुमच्या ठाण्यात माह्या भाच्याले असंच बसवलं होतं. त्याले पाणी कोणी देल्लं नाही." आणि चाचीला म्हणाले, चहा ठेव.

बयान लिहून घ्यायचं होतं. साहेब खिशातून पेन काढायला लागले, तर चाचा म्हणाले, "तुमी नाही, ही पोरगी लिहीन." आणि कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "बेटी, तू रोज त्याच्यासंगं डबा खातेस. त्याचं नाव लिहाले जमन का तुले? नाही जमलं तं सांग, मी रागावणार नाही."

मी साहेबांच्या हातातलं पेन घेतलं. "जमन, चाचा," मी म्हटलं. "सांगा तुमी." ते सांगत गेले, मी लिहीत गेले. नावापाशी आले तेव्हा ते थांबले आणि मी मात्र थांबले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना मी नेहमीसारखं म्हटलं, "चाचा, येते." बकरी समोरच होती. चाचा बकरीशी बोलले नाहीत. "हाव, येजो," म्हणाले. गल्लीच्या तोंडाशी पानठेल्याजवळ उभी राहून, वर्दीत, मी ढसाढसा रडले. कालचा तो सीतावाला पोट्टा मुकाट्यानं पाण्याचा ग्लास घेऊन आला.

म्हणून सगळं गोड झालं असं समजू नका. जमादारांची चौकशी बसली (पाहा, इथं पण बसलीच!), बढती गेली, बदली झाली. जाताना मला म्हणाले, "बाई, तुह्या अक्षरानं बुडवलं मले."

"नाही भाऊ, तुमच्या काठीनं," मी म्हटलं.

ठाण्यातल्या बाकीच्यांनी माझ्याजवळ डबा उघडणं बंद केलं. मी एकटीच जेवायची, आणि खोटं कशाला सांगू, घास गोड लागायचा नाही. लोक मात्र यायला लागले. आधी फालतू कामं घेऊन. कोणाच्या बकरीनं कोणाची कोथिंबीर खाल्ली, कोणत्या जाऊबाईनं कोणत्या जाऊबाईला काय म्हटलं. दारातच म्हणायचे, "उभ्या उभ्या सांगतो, बाई. बसत नाही." आम्ही पण बसा म्हणायचं सोडून दिलं होतं. खुर्ची रिकामीच राहायची.

पुढच्या थंडीत एका सकाळी चाचा ठाण्यात आले. आपल्या पायानं, काखेत काहीतरी गुंडाळलेलं घेऊन. आम्ही सगळे उठून उभे राहिलो. साहेबांचं तोंड उघडलं आणि मिटलं. 'बसा' म्हणायची कोणाची हिंमत होईना. चाचांनी गुंडाळी सोडली. खुर्चीत घालायची गादी होती, लाल खोळीची. ती त्यांनी त्या रिकाम्या खुर्चीवर अंथरली, चारी कोपरे दाबले आणि स्वतः तिच्यावर बसले.

"बसलो," ते म्हणाले. "आता सांगा चहा."

साहेब स्वतः चहा सांगायला धावले. मी गादीच्या कडेवरून हात फिरवला. चाचांची गादी म्हणजे लोणी, हे मला पाळण्यापासून ठाऊक. ही तशी नव्हती. हाताला जागोजागी गाठी लागत होत्या.

चाचांनी माझा हात पाहिला. "गाठी राह्यल्या, बेटी," ते हळूच म्हणाले. "हात ऐकत नाही आता." मी गादीचा कोपरा पुन्हा नीट दाबला.

पुढे ते साहेब बदलून गेले, नवे आले. नव्या साहेबांनी आल्या आल्या त्या खुर्चीत बसून पाहिलं आणि लगेच उठले. "ही गादी टोचते. बदलून टाका."

"नाही बदलत, साहेब."

"का?"

"टोचाले पाह्यजे," मी म्हटलं. "बसा साहेब, सांगते."